मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहू नका
डोळ्यातील भिंग आणि शरीराची राखण : एक आरोग्यपाठ



साठी उलटलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे धुके दिसू लागले, रात्री दिव्याभोवती वलय दिसू लागले, की आपल्या घराघरांतून एक ठरलेले वाक्य ऐकू येते : "अजून पिकला नाही. पिकला की काढू." मग कोणी सुगी आटोपण्याची वाट पाहतो, कोणी मुलीच्या लग्नाची, तर कोणी थंडीच्या दिवसांची. दोन-तीन वर्षे सहज निघून जातात. काहींच्या बाबतीत मग एके दिवशी डोळा लालभडक होतो, कपाळ फुटेल असे दुखू लागते, ओकाऱ्या होतात. घरची माणसे पित्त समजून सुंठ उगाळतात, आणि नेत्रतज्ज्ञापुढे जाईपर्यंत त्या डोळ्यातील उजेड कायमचा गेलेला असतो.

असे का घडते? मोतीबिंदूने डोळा कायमचा जात नाही, ऑपरेशन केले की दिसू लागते, असे आपण ऐकत आलो आहोत. आणि ते खरेच आहे. मग हा डोळा का गेला? याचे उत्तर आपल्या शरीराच्या प्रतिकारशक्तीत आहे. ताप, जखम, जंतू यांपासून आपले रक्षण करणाऱ्या पेशीच अतिपक्व मोतीबिंदूत डोळ्याचे नुकसान करतात. म्हातारपणच्या साध्या मोतीबिंदूतही या पेशींचा काही हात असावा काय, याचा शोध आज शास्त्रज्ञ घेत आहेत. या पाठात आपण क्रमाने पाहू : भिंग गढूळ का होते, प्रतिकारशक्तीचा त्याच्याशी काय संबंध आहे, त्यात सिद्ध किती व शोधाधीन किती, आणि आपण काय करावे.

१. मसुरीएवढे भिंग

डोळ्याच्या काळ्या बाहुलीमागे एक पारदर्शक भिंग असते. लॅटिन भाषेत मसुरीला 'लेन्स' म्हणतात. आकार मसुरीसारखा, म्हणून भिंगाला ते नाव पडले. मोठ्या माणसाचे भिंग सुमारे ९ ते १० मिलिमीटर रुंद व चारएक मिलिमीटर जाड असते. त्याभोवती एक अतिशय पातळ पण चिवट वेष्टन असते, आणि चोहोबाजूंनी बारीक तंतूंनी ते जागच्या जागी टांगलेले असते.

या भिंगाचे एक वैशिष्ट्य नीट ध्यानात घ्यावे, कारण पुढचा सारा पाठ त्यावर उभा आहे. भिंगात रक्तवाहिनी नाही. आईच्या पोटात असताना बाळाच्या भिंगाभोवती बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. जन्मापूर्वी ते विरून जाते. त्यानंतर आयुष्यभर भिंगाला अन्न मिळते ते आजूबाजूच्या स्वच्छ पाण्यासारख्या द्रवातून. रक्तवाहिनी असती, तर उजेड अडला असता.

भिंगाचा सुमारे एक तृतीयांश भाग प्रथिनांचा आहे, बाकीचे पाणी. या प्रथिनांना क्रिस्टॅलिन म्हणतात. कांद्याला जसे पापुद्रे, तसे भिंगालाही थर असतात. नवा थर बाहेरून चढतो आणि जुना आत दाबला जातो. मात्र आतल्या थरांतील पेशींनी आपले केंद्रक टाकून दिलेले असते, त्यामुळे त्यांना नवी प्रथिने तयार करता येत नाहीत. सत्तर वर्षांच्या माणसाच्या भिंगाच्या गाभ्यातील प्रथिने जवळजवळ सत्तर वर्षांचीच असतात. कातडी झडते व नवी येते, हाड मोडते व सांधते. भिंगाच्या गाभ्याला मात्र जन्माची शिदोरीच शेवटपर्यंत पुरवावी लागते.

२. भिंग गढूळ का होते

अंडे उकडले की त्यातील पारदर्शक पांढरा बलक दुधासारखा होतो. प्रथिने तीच असतात. पण उष्णतेने त्यांची घडी मोडते, ती एकमेकांना चिकटतात आणि उजेड आरपार जाईनासा होतो. मोतीबिंदूत याच जातीची गोष्ट घडते, मात्र ती घडायला काही दशके लागतात. उन्हातील अतिनील किरणे, विडी-सिगारेटचा धूर, रक्तातील वाढलेली साखर आणि नुसते वय, या सर्वांनी प्रथिनांची घडी हळूहळू बिघडते.

निसर्गाने याची थोडी तरतूदही केली आहे. अल्फा क्रिस्टॅलिन नावाचे प्रथिन बिघडू लागलेल्या इतर प्रथिनांना धरून ठेवते व त्यांचे गोळे होऊ देत नाही. हे त्याचे काम १९९२ साली जोसेफ हॉर्विट्झ या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिले. पण हा साठा संपणारा आहे. चाळिशीनंतर भिंगाच्या गाभ्यात मोकळे अल्फा क्रिस्टॅलिन फारसे उरत नाही. तेथून पुढे बिघडलेली प्रथिने साचत जातात.

आपल्या देशात हा प्रश्न किती मोठा आहे ते पाहा. भारत सरकारने २०१५ ते २०१९ या काळात केलेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशी उलटलेल्यांच्या अंधत्वापैकी सुमारे ६६ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले. म्हणजे तीन आंधळ्या माणसांपैकी दोघांना ऑपरेशनने दिसू शकले असते.

३. राखणदार आणि बंद कणगी

आता प्रतिकारशक्तीकडे वळू. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी या शरीराच्या राखणदार होत. शेतावरचा राखणदार घरचे कोण व परके कोण हे ओळखून असतो, तद्वत या पेशी शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांना ओळखतात व परक्यांवर तुटून पडतात. ही ओळख त्यांना बालपणीच पटवून दिली जाते.

पण ज्या भिंगात रक्तच जात नाही, त्यातील प्रथिनांची ओळख राखणदाराला कशी पटावी? भिंग हे शेणमातीने लिंपून बंद केलेल्या कणगीसारखे आहे. आतले धान्य घरचेच. पण राखणदाराने ते कधी डोळा भरून पाहिलेले नाही.

हा विचार शंभर वर्षांहून जुना आहे. १९०३ साली जर्मनीत पॉल उलेनहूट यांनी दाखविले की, एका जातीच्या जनावराच्या भिंगाविरुद्ध तयार झालेला रक्तरस दुसऱ्या जातीच्या जनावराच्या भिंगाशीही जुळतो. म्हणजे भिंगाची प्रथिने शरीराच्या इतर भागांहून इतकी निराळी, की बैलाचे भिंग बैलाच्या रक्तापेक्षा दुसऱ्या जनावराच्या भिंगाला अधिक जवळचे! पुढे १९४८ साली इंग्लंडमध्ये पीटर मेडावर यांनी सशांवर प्रयोग करून दाखविले की, परकी कातडी डोळ्याच्या पुढच्या पोकळीत ठेवली, तर शरीर तिला अंगावरील कातडीप्रमाणे लगेच झिडकारत नाही. डोळ्याच्या आत प्रतिकारशक्ती जणू दबक्या पावलांनी वावरते. असे नसते, तर क्षुल्लक दाहानेही आपली दृष्टी गेली असती. शरीर परके अवयव का झिडकारते व कधी सहन करते, यावरील कार्यासाठी मेडावर यांना १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता या चित्रात थोडी दुरुस्ती झाली आहे. निरोगी माणसाच्या रक्तातही भिंगाच्या प्रथिनांविरुद्धची थोडीशी प्रतिद्रव्ये सापडतात, तरी डोळ्यावर हल्ला होत नाही. याचा अर्थ कणगी अगदीच हवाबंद नाही. चार दाणे बाहेर सांडतात आणि राखणदार त्यांच्याकडे काणाडोळा करतो. पण पोतेच फुटले, म्हणजे काणाडोळा संपतो.

४. पिकून पाझरणारा मोतीबिंदू : हे सिद्ध झालेले आहे

कैरी पिकली की आंबा गोड होतो. पण अढीत फार दिवस राहिला तर तो नासतो, सालीखाली पाणी सुटते. मोतीबिंदू 'पिकणे' या शब्दाने आपली फसगत झाली आहे. आंब्याच्या पिकण्यात काही लाभ आहे, मोतीबिंदूच्या पिकण्यात लाभ असा काहीच नाही. आहे ती नासाडीची पहिली पायरी.

मोतीबिंदू अतिपक्व झाला की भिंगाचा बाहेरचा थर दुधासारखा पातळ होतो आणि कठीण गाभा खाली बसतो. वेष्टन फाटलेले नसले तरी ते पाझरू लागते. प्रथिने पुढच्या द्रवात उतरतात. राखणदारांना सुगावा लागतो; मोठ्या भक्षक पेशी धावून येतात, ती प्रथिने गिळतात आणि गिळून टम्म फुगतात.

डोळ्यातील द्रव सतत तयार होत असतो व एका बारीक जाळीतून बाहेर जात असतो. शेताला जशी पाण्याची मोरी, तशी ही जाळी. फुगलेल्या भक्षक पेशी आणि प्रथिनांचे मोठे कण या जाळीत अडकून बसतात. मोरी तुंबली की बांधावर पाणी चढावे, तसा डोळ्यातील दाब झपाट्याने वाढतो. हा दाब मागच्या दृष्टीच्या नसेवर पडतो आणि ती नस मेली की ती पुन्हा जिवंत होत नाही. १९५५ साली फ्लॉक्स, लिट्विन व झिमरमन या अमेरिकन डॉक्टरांनी अशा डोळ्यांत या भक्षक पेशी दाखवून रोगाचा उलगडा केला. हा काचबिंदूचाच एक प्रकार, पण मोतीबिंदूच्या पोटी जन्मलेला. याखेरीज आणखी एक प्रकार आहे : भिंग फुगून द्रवाची वाटच दाबून टाकते. त्यात राखणदारांचा दोष नसतो. परिणाम मात्र तोच.

याची लक्षणे पाठ करून ठेवावीत. बरीच वर्षे पांढरा मोतीबिंदू असलेला डोळा एकाएकी लाल होणे, तीव्र दुखणे, त्या बाजूचे डोके ठणकणे, मळमळ वा ओकारी होणे. हे पित्त नव्हे, अर्धशिशीही नव्हे. अशा माणसाला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. औषधाने दाब उतरवून भिंग वेळीच काढले, तर पुष्कळदा दृष्टी वाचते. आठवडा गेला, तर भरवसा नाही.

५. कुसळ, काडी आणि काटा

भिंगाचे वेष्टन फाटण्याचे दुसरे कारण म्हणजे जखम, आणि शेतकऱ्याला जखमेची संधी पावलोपावली असते. मळणीच्या वेळी उडणारे कुसळ, उसाचे धारदार पाते, बाभळीचा काटा, कुऱ्हाडीखाली उडालेली ढलपी, बैलाच्या शिंगाचा निसटता धक्का. टोकदार वस्तू वेष्टनाच्या आत शिरली, तर भिंग काही तासांत वा काही दिवसांत पांढरे होते. आणि त्यानंतर दिवसांनी वा आठवड्यांनी भिंगाच्या सांडलेल्या प्रथिनांभोवती तीव्र दाह पेटू शकतो. १९२२ साली व्हेरहॉफ व लेमॉइन या अमेरिकेतील डॉक्टरांनी हा दाह जंतूंचा नसून शरीराने भिंगालाच परके समजल्याचा आहे, असे वर्णन केले.

पूर्वी गावोगाव फिरणारे लोक सुईने मोतीबिंदू डोळ्याच्या आत मागे ढकलून देत. रोग्याला त्या क्षणी उजेड दिसे आणि गाव थक्क होई. पण ढकललेले भिंग डोळ्यातच राही. सुईबरोबर गेलेले जंतू आणि फुटलेल्या भिंगाचा दाह, यांनी पुढे कित्येक डोळे जात. तोवर सुईवाला पुढच्या गावी गेलेला असे.

जखमी डोळा चोळू नये, त्यात रुतलेली वस्तू स्वतः उपटू नये, फुंकर मारू नये, दूध-मध घालू नये. स्वच्छ वाटीसारखे काही वरून हलके झाकून, डोळ्यावर दाब न देता, दवाखाना गाठावा.

६. म्हातारपणच्या साध्या मोतीबिंदूत राखणदारांचा हात आहे काय?

आतापर्यंत सांगितले ते डॉक्टरांनी रोग्यांच्या डोळ्यांत पाहिलेले आहे. यापुढचे शोधाधीन आहे.

मोतीबिंदू पिकला की राखणदार येतात, हे खरे. पण मोतीबिंदू होण्याच्या सुरुवातीलाच ते येतात काय? कित्येक वर्षे बहुतेकांचे मत असे होते की, रक्तवाहिनीच नाही तेथे पांढऱ्या पेशी येणार कशा? अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी थॉमस जेफरसन विद्यापीठात स्यू मेन्को व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न हाती घेतला. २०१७ साली त्यांनी उंदरांवरील एक काम प्रसिद्ध केले. या उंदरांच्या भिंगात पेशींना जोडणारे एक प्रथिन जन्मतः नव्हते, त्यामुळे भिंग वेडेवाकडे घडले होते. आणि त्या बिघडलेल्या भिंगाकडे प्रतिकारशक्तीच्या पेशी आलेल्या दिसल्या. २०२० साली त्यांनी दाखविले की, उंदराच्या डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलाला जखम केली, तरी मागच्या भिंगापर्यंत राखणदार पेशी पोहोचतात. आणि त्या येतात भिंग ज्या तंतूंनी टांगलेले असते त्यांच्या वाटेने. विहिरीत उतरायला पायऱ्या नसल्या तरी पोहऱ्याचा दोर असतोच, तसे हे झाले. २०२२ साली त्यांनी व इतरांनी मिळून डोळ्याच्या आतल्या दाहाचा अभ्यास केला, आणि त्यात या पेशी भिंगाचे वेष्टन भेदून आत शिरलेल्या आढळल्या. डोळ्याच्या आत वारंवार दाह होणाऱ्या रोग्यांना तरुणपणीच मोतीबिंदू होतो, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे; त्याला या शोधाने एक दुवा मिळाला.

आता वयाचा संबंध पाहू. इटलीचे क्लाउडियो फ्रान्चेस्की यांनी २००० साली असा विचार मांडला की, म्हातारपणी शरीरात एक मंद, न दिसणारा दाह सतत धुमसत राहतो. राखेखालचा निखारा म्हणा. सांधे, रक्तवाहिन्या व इतर अवयवांच्या झिजेत या दाहाचा वाटा असावा, असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते. मग भिंगाने काय अपवाद करावा? १९९९ साली अमेरिकेतील पुरुष डॉक्टरांच्याच एका दीर्घ अभ्यासात असे आढळले की, ज्यांच्या रक्तात दाह दर्शविणारे सी-रिॲक्टिव्ह प्रथिन जास्त होते, त्यांना पुढे मोतीबिंदू होण्याचे प्रमाणही जास्त होते.

पण येथे सावध राहिले पाहिजे. कोंबडा आरवतो आणि उजाडते. म्हणून कोंबड्याने उजाडवले असे होत नाही. विडी ओढल्याने दाहही वाढतो व मोतीबिंदूही. साखरेच्या रोगाचेही तसेच. तेव्हा दाहामुळे मोतीबिंदू झाला, की दोन्ही एकाच मुळाच्या दोन फांद्या आहेत, हे एवढ्यावरून ठरत नाही. शिवाय भिंगाकडे येणारा राखणदार नुकसान करायला येतो, की पडझड दुरुस्त करायला? प्रतिकारशक्तीच्या पेशी दोन्ही कामे करतात. जखम सांधण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. पण सांधताना व्रण राहतो, आणि पारदर्शक भिंगात व्रण म्हणजे गढूळपणाच. उंदरांच्या भिंगात दिसलेले माणसाच्या म्हातारपणच्या मोतीबिंदूलाही लागू पडते, हे अजून सिद्ध व्हायचे आहे. प्रथिनांची घडी मोडणे हेच आज मूळ कारण मानले जाते. राखणदारांचा वाटा असलाच, तर तो त्यावरची भर होय.

७. मग दाह कमी करणारे औषध घ्यावे काय?

असा प्रश्न कोणाच्याही मनात यावा. त्याचे स्पष्ट उत्तर : स्वतःहून मुळीच नाही.

दाह दडपण्यात सर्वांत जोरकस औषधे म्हणजे स्टेरॉइड. पण तीच फार दिवस घेतली तर मोतीबिंदू करतात! सांधेदुखीसाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या रोग्यांत हे १९६० साली प्रथम नोंदविले गेले. स्टेरॉइडच्या थेंबांनी काही जणांच्या डोळ्यातील दाबही वाढतो, आणि काडीने जखम झालेल्या डोळ्यात बुरशीचा रोग असेल, तर हे थेंब घातल्याने तो फोफावतो. मेडिकल दुकानातून "मागच्या वेळी दिलेलेच थेंब द्या" असे सांगून आणू नयेत. शेजाऱ्याचे उरलेले थेंब तर कधीच घालू नयेत. मात्र डॉक्टरांनी दमा, सांधे वा अन्य रोगासाठी स्टेरॉइड दिले असेल, तर ते भीतीने एकदम बंदही करू नये; तेही धोक्याचे आहे. डोळे तपासून घ्यावेत व डॉक्टरांना विचारावे.

जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचे काय? अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचा निकाल २००१ साली आला. मोठ्या मात्रेत क व ई जीवनसत्त्वे आणि बीटा कॅरोटीन वर्षानुवर्षे देऊनही मोतीबिंदूवर काही परिणाम दिसला नाही. पालेभाजी, पपई, शेवगा, आंबा हे जरूर खावे, शरीराला ते हितकारकच आहे. पण झालेला मोतीबिंदू त्याने विरघळेल अशी आशा बाळगू नये. मोतीबिंदू विरघळविणारे म्हणून विकले जाणारे थेंबही घेऊ नयेत. २०१५ साली लॅनोस्टेरॉल नावाच्या द्रव्याने कुत्र्यांचा मोतीबिंदू कमी झाल्याचे प्रसिद्ध झाले आणि मोठी आशा निर्माण झाली. पण नंतर माणसाच्या काढलेल्या भिंगांवर प्रयोग केले, तेव्हा ते विरघळले नाहीत.

पवित्र शास्त्रातील तोबितच्या पुस्तकाची कोणी आठवण करून देईल. तोबियासने माशाचे पित्त लावले आणि वडिलांच्या डोळ्यांवरील पांढरे पापुद्रे सोलून निघाले. परंतु ते पापुद्रे डोळ्याच्या पृष्ठभागावरचे होते, असे त्या कथेवरूनच दिसते. मोतीबिंदू बाहुलीच्या मागे, वेष्टनाच्या आत असतो. वरून घातलेले पित्त, मध, कांद्याचा रस वा लिंबू यांनी तो सोलला जात नाही. उलट डोळ्याच्या पटलाला इजा होते. त्या कथेतून घ्यायचेच तर मुलाने बापाच्या डोळ्यांसाठी केलेली धडपड घ्यावी.

८. परके भिंग शरीराला कसे चालते?

ऑपरेशनात गढूळ भिंग काढून त्याच वेष्टनात कृत्रिम भिंग बसवितात. राखणदार इतके दक्ष, तर ते या परक्या वस्तूला कसे खपवून घेतात? याची हकीकत मोठी बोधप्रद आहे.

दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, ब्रिटिश लढाऊ विमानांच्या काचा फुटून काही वैमानिकांच्या डोळ्यांत तुकडे शिरले. त्या काचा खऱ्या काचेच्या नसून ॲक्रिलिक नावाच्या प्लॅस्टिकच्या होत्या. हॅरोल्ड रिडली या नेत्रतज्ज्ञाच्या लक्षात आले की, हे तुकडे डोळ्यात राहूनही दाह होत नाही. तुकड्यात प्रथिन नव्हते, राखणदाराला बोलावील असे काही नव्हते. या निरीक्षणावरून त्यांनी त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग घडविले आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात ते रोग्याच्या डोळ्यात बसविले. पुष्कळ वर्षे त्यांना सहकाऱ्यांचा विरोध सोसावा लागला. आज जगभर तीच रीत आहे.

हे भिंग गरिबाच्या आवाक्यात आले ते आपल्याच देशात. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली मदुराईत ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले, आणि १९९२ साली त्याच संस्थेच्या ऑरोलॅबने स्वस्त भिंगे बनविण्यास आरंभ केला. त्यापूर्वी परदेशी भिंगाची किंमत शेतमजुराला न झेपणारी होती.

९. आपण काय करावे

मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबा, असे पूर्वी डॉक्टरही सांगत. त्या काळच्या रीतीत पिकलेले भिंग काढणे सोपे जाई. आता ती गरज राहिली नाही. आज नियम असा : मोतीबिंदूमुळे रोजचे काम अडू लागले, म्हणजे ऑपरेशनची वेळ झाली. बियाणे निवडता येत नाही, बसवरची पाटी वाचता येत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही, बांधावरून चालताना पाय चुकतो. एवढे पुरे आहे. उलट फार कठीण झालेला मोतीबिंदू काढणे डॉक्टरलाही जड जाते. थंडीतच ऑपरेशन करावे, हाही जुना समज होय. वर्षभर केव्हाही करता येते. मात्र त्यानंतर काही आठवडे धूळ, भुसा व जड ओझी टाळावी लागतात. म्हणून मळणीच्या ऐन घाईआधी करण्यापेक्षा कामाच्या मोकळ्या दिवसांत करावे. पण मोकळे दिवस शोधता शोधता वर्ष घालवू नये. सरकारी रुग्णालयांत आणि अनेक धर्मादाय नेत्र रुग्णालयांत हे ऑपरेशन मोफत वा अल्प खर्चात होते.

ऑपरेशननंतर दिलेले थेंब सांगितलेल्या दिवसांपर्यंत, सांगितल्या क्रमाने कमी करीत घालावेत. ऑपरेशन हीदेखील एक जखमच आहे. राखणदार तेथे येणारच, आणि त्यांना आवरण्यासाठीच हे थेंब असतात. डोळा बरा दिसतो म्हणून चौथ्या दिवशी थेंब सोडू नयेत. दुखणे, लाली वाढणे वा दृष्टी कमी होणे यांपैकी काही झाले, तर त्याच दिवशी परत जावे. काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागले, तर मोतीबिंदू पुन्हा झाला असे समजू नये. भिंगामागचे वेष्टन जाड झालेले असते आणि लेझरने काही मिनिटांत ती वाट मोकळी करता येते.

मोतीबिंदू लांबणीवर टाकण्यासाठी : उन्हात रुंद काठाची टोपी वा इरले वापरावे, विडी-सिगारेट सोडावी, साखरेचा रोग ताब्यात ठेवावा, चुलीचा धूर घराबाहेर जाईल अशी सोय करावी. मळणी, लाकूडफोड, फवारणी व वेल्डिंग करताना डोळ्यांवर चष्मा असावा. शंभर-दोनशे रुपयांचा चष्मा डोळ्याहून महाग नाही.

घरी करून पाहावे

रविवारी दुपारी घरातील पन्नाशी उलटलेल्या प्रत्येकाला भिंतीवरच्या कॅलेंडरपासून दहा पावलांवर उभे करावे. आधी उजवा डोळा हाताने झाकून मोठे आकडे वाचायला सांगावे, मग डावा झाकून. एका डोळ्याने दिसते म्हणून दुसरा गेल्याचे माणसाला कित्येकदा कळतही नाही. चष्मा असेल तर तो लावूनच पाहावे. ज्याला एका डोळ्याने वाचता आले नाही, त्याला पुढील आठवड्यात तपासणीस न्यावे. आणि ज्याच्या बाहुलीत पांढरा ठिपका उघड दिसतो आहे, त्याच्यासाठी सुगीचीही वाट पाहू नये.